एका पंखाचा बिल्ला

वडील गेल्यावर त्यांच्या कपाटातून जे काही निघालं, ते आम्ही बहिणींनी वाटून घेतलं. घड्याळ थोरलीनं घेतलं, कॅमेरा धाकटीनं. वडील हवाई दलात वैमानिक होते, त्यामुळे एका चपट्या पत्र्याच्या डब्यात वैमानिकांच्या छातीवर लावायचे कापडी पंख होते. ते कुणालाच नको होते, म्हणून माझ्याकडे आले. नाशिकच्या घरी मी त्यांची चौकट करून भिंतीवर लावली. मग जुन्या बाजारातून, वडिलांच्या निवृत्त मित्रांकडून असे आणखी पंख मिळवायचा नादच लागला. नोकरीतून मोकळी झाल्यावर तर दुसरं कामच उरलं नाही म्हणा.

माझ्या चौकटीतला सगळ्यात जुना बिल्ला इंग्रजांच्या वेळचा आहे. दोन बाजूंना पसरलेले दोन पंख, मधे पानांचं कडं, कड्यात अक्षरं आणि वर राजाचा मुकुट. ते पंख पाकोळी या पक्ष्याच्या पंखांवरून घेतले होते, असं वडील सांगायचे. पुढे देश प्रजासत्ताक झाला, मुकुट गेला आणि त्या जागी अशोकस्तंभाचे सिंह आले. शिंप्यांनी तेच पंख भरले, फक्त डोक्यावरचं बदललं. दोन्ही बिल्ले शेजारी ठेवले की इतिहासाचं एक पान उलटल्यासारखं वाटतं.

चिटगुप्प्याहून शकूचा फोन आला तो या नादामुळेच. शकुंतला ही माझी बिदरच्या शाळेतली मैत्रीण. तिचे वडील हवाई दलाच्या दवाखान्यात औषधं द्यायचे, आणि ती लग्न होऊन जवळच चिटगुप्प्याला गेली. तिच्या नवऱ्याच्या नात्यातली एक म्हातारी कोहिनूर गावात राहते, तिच्याकडे असा एक पंख आहे, पण अर्धाच, असं ती म्हणाली. दुसरा अर्धा कुठे गेला यावरून त्या बाईचं आणि तिच्या भावाचं अनेक वर्षं बोलणं बंद आहे. "ये की येळवसला," वेळ अमावास्येच्या सणाचं आमंत्रण देत शकू म्हणाली. "पंख बी बघ, आंबील बी पी."

बिदर

मार्गशीर्ष संपत आला होता. तुरी शेंगांनी वाकल्या होत्या आणि लाल मातीच्या बांधांवर सकाळी दव होतं. शकूनं मला बसस्टँडवरून तिच्या गाडीत घेतलं. साठी ओलांडलेली शकू स्वतः गाडी हाकते, हे मला माहीतच नव्हतं. पहिल्यांदा हवाई दलाच्या तळावरच्या आमच्या जुन्या क्वार्टर्सकडे चल, असं मी म्हणाले. फाटकावरच्या पहारेकऱ्यानं फार नम्रपणे सांगितलं की परवानगीशिवाय आत जाता येणार नाही. मी त्याला म्हटलं, आत तिसऱ्या गल्लीत चिंचेच्या झाडाखाली आमचं घर होतं. तो म्हणाला, तिथे आता गाड्यांची शेड आहे.

मग आम्ही किल्ल्याच्या तटावर जाऊन बसलो. शिकणाऱ्या मुलांची विमानं डोक्यावरून जात होती. आमच्या लहानपणी विमान खाली आलं की आवाजावरून आई सांगायची, हे नवं पोर आहे. आईचं सोमवारचं एक काम ठरलेलं असे. जरीच्या पंखांना पाणी चालत नाही, म्हणून धुवायच्या सदऱ्यावरून पंख उसवायचे आणि इस्त्रीच्या सदऱ्यावर पुन्हा टाचायचे. बाबा समोर उभे राहून खिशाच्या बरोबर वर, डावीकडे, असं बोटानं दाखवायचे. आई म्हणायची, इतकी वर्षं टाचतेय, मला ठाऊक आहे तुमचं काळीज कुठे आहे ते. बाबा हसायचे नाहीत, पण हलायचेही नाहीत.

शकूनं डब्यातून सुसला आणला होता. चुरमुऱ्याचा हा प्रकार नाशिकला कुणाला सांगितला तर भिजवलेले चुरमुरे कसे खाता, असं विचारतात. तटाच्या सावलीत बसून आम्ही दोघींनी तो खाल्ला. शाळेतल्या कुठल्या मुली गेल्या, कुठल्या आहेत, हे सगळं बोलून झालं तेव्हा ऊन कलायला आलं होतं.

कोहिनूर

दुसऱ्या दिवशी ऊस भरलेल्या ट्रॅक्टरांच्या रांगेमागे अडकत अडकत आम्ही बसवकल्याणवरून कोहिनूरला पोचलो. ज्यांच्याकडे तो पंख होता त्या म्हातारीचं नाव काशीबाई, पण सगळे त्यांना काशक्का म्हणतात. ऐंशीच्या पुढच्या, पाठ वाकलेली, गळ्यात लिंग, कपाळावर विभूतीचे पट्टे. ओसरीवर बसून शेंगा फोडत होत्या. शकूशी कन्नडमध्ये बोलल्या, माझ्याशी मराठीत, आणि दारात आलेल्या बांगडीवाल्याशी दखनीत. मधे कुठे अडखळल्या नाहीत.

त्यांचे थोरले भाऊ नरसिंग खजुरी गावातून हवाई दलात गेले होते. शाळेत फार हुशार होते. नोकरीला लागून फार दिवस झाले नव्हते, तोच त्यांचं मालवाहू विमान हिमालयात कुठेतरी हरवलं आणि सापडलंच नाही. घरी आली ती त्यांची ट्रंक. काशक्कांचं तेव्हा नुकतंच लग्न झालं होतं. आप्पांनी, म्हणजे त्यांच्या वडिलांनी, ट्रंकेतला कोट लेकीला दिला. कोट कसरीनं खाल्ला, तेव्हा काशक्कांनी त्यावरचा बिल्ला उसवून देवघरात ठेवला.

तो त्यांनी माझ्या हातात दिला. जरीची तार काळी पडली होती. पानांचं गोल कडं, कड्यात इंग्रजी एन अक्षर, आणि कड्याच्या एकाच बाजूला पंख. घरातले सगळे म्हणत, एन म्हणजे नरसिंग. मी तो उलटून पाहिला. कडं सगळीकडून पुरं होतं, मागच्या कापडाची कड चारी बाजूंनी दुमडून शिवलेली होती. कात्री कुठेच लागली नव्हती.

मला पाहताक्षणीच कळलं होतं. विमान चालवणाऱ्याला दोन पंख. त्याच्या मागे बसून नकाशे बघणाऱ्याला, वाट काढणाऱ्याला, त्या काळी एकच पंख मिळायचा आणि कड्यात त्याच्या कामाचं अक्षर असायचं. नेव्हिगेटरचं एन. इंग्रजांच्या पहिल्या महायुद्धापासून ही रीत चालत आली होती. टेहळणी करणाऱ्याच्या छातीवर ओ अक्षर आणि त्याला लागून एकच पंख असे. पुढे नियम बदलत गेले, पण नरसिंगांच्या वेळी हेच होतं. या बिल्ल्याचा दुसरा अर्धा जगात कुठेच नव्हता.

मी काशक्कांना विचारलं, हा कापला आहे असं कोण म्हणतं. त्या शेंगा फोडत राहिल्या. मग एवढंच म्हणाल्या, "आला तसाच हाय तो." बिल्ला माझ्या हातातून घेऊन त्यांनी पदराच्या टोकाला पुसला. चौकटीत लावायला तो मागावा, असं माझ्या मनात होतं. त्यांचा हात पाहिल्यावर मी काही बोलले नाही.

बाकीचं मला परतीच्या वाटेवर शकूनं सांगितलं. आप्पा गेल्यावर काही वर्षांनी खजुरीच्या चौकाला नरसिंगांचं नाव द्यायचं ठरलं. काशक्का बिल्ला घेऊन माहेरी गेल्या. तिथे धाकट्या भावानं, वैजनाथनं, बिल्ला पाहिला, चौकात आणून ठेवलेला घरातला मोठा फोटो पाहिला, आणि जमलेल्या माणसांसमोर बहिणीला विचारलं, दुसरा पंख कुठाय? जरीची तार चांदीची असेल म्हणून तू तो सोनाराकडे दिलास काय? काशक्का उठल्या आणि बिल्ला घेऊन निघून आल्या. त्यानंतर त्या माहेरी गेल्या नाहीत.

"आणि त्या काही बोलल्या नाहीत?" मी विचारलं.

"शब्द न्हाई," शकू म्हणाली.

खजुरी

वैजनाथ अण्णांना आम्ही येणार हे शकूनं कळवलं होतं. सत्तरीचे, उंच, पांढरंशुभ्र धोतर नेसलेले गृहस्थ. तुरीचा व्यापार मुलांवर सोपवून आता शेतावर जाऊन बसतात. महाराष्ट्राची हद्द त्यांच्या शेतापासून इतकी जवळ आहे की मोबाइलवर कधी या राज्याचं स्वागत येतं, कधी त्या, असं ते सांगत होते. त्यांच्या घरचं जेवण मी विसरणार नाही. पापडासारख्या मोडणाऱ्या कडक भाकरी, शेंगांची चटणी आणि अंबाडीची भाजी, जिला ते पुंडीपल्ला म्हणतात. आमच्याकडे भाकरी कडक झाली की सून बोलणी खाते. इथे त्या महिनाभर टिकाव्यात म्हणून मुद्दाम कडक करतात आणि पाहुण्याला कौतुकानं वाढतात.

जेवताना समोरच्या भिंतीवर तो फोटो होता. लहान फोटोवरून मोठा करून हातानं रंगवलेला, पूर्वी आळंदच्या स्टुडिओत करून मिळत तसा. टोपी घातलेला देखणा तरुण, गालांवर जरा जास्तच गुलाबी रंग. छातीवर दोन पसरलेले पंख. मी उठून जवळ गेले. चेहऱ्याखाली फोटोचा कागद जाणवत होता. पंख मात्र निव्वळ ब्रशचे होते. वैमानिकाला दोन पंख असतात हे रंगवणाऱ्याला ठाऊक असावं, नाहीतर आप्पांनीच तसं सांगितलं असावं.

"हा फोटो बघतच मी मोठा झालो," वैजनाथ अण्णा म्हणाले. नरसिंग गेले तेव्हा ते अगदी लहान होते. भाऊ आठवतो तो एवढाच की त्यानं खांद्यावर घेऊन आकाशातलं विमान दाखवलं होतं. आप्पा ज्याला त्याला सांगायचे, माझा मुलगा विमान चालवतो. शाळेत मास्तर वैजनाथला उभं करून सांगायचे, हा वैमानिकाचा भाऊ.

मी गप्प राहावं की बोलावं, हे मला ठरवता येईना. बाबा बिदरला शिकवत असताना काही मुलांना पंख मिळत नसत. एकदा असा एक मुलगा निरोप घ्यायला आला होता आणि व्हरांड्यातल्या खुर्चीवर कितीतरी वेळ टोपी हातात घेऊन बसून राहिला होता. तो गेल्यावर बाबा आईला म्हणाले, याला नोकरी दुसरी मिळेल, पण घरी काय सांगू हेच त्याला कळत नाहीये. तो मुलगा मला आठवत होता. दुसरीकडे कोहिनूरच्या ओसरीवरची ती म्हातारी होती, जिला सगळे चोर समजत होते.

मी बोलले. जमेल तितक्या हळूपणे सांगितलं की बिल्ला अर्धा नाही, पुरा आहे. कड्यातलं अक्षर नावाचं नाही, कामाचं आहे. तुमचे भाऊ विमानाची वाट काढत असत. अक्कांनी काहीही कापलेलं नाही. पिशवीतून माझ्या चौकटीचा फोटो काढून त्यांना दोन पंखांचा आणि एका पंखाचा बिल्ला शेजारी शेजारी दाखवला.

त्यांनी चष्मा लावून तो बराच वेळ पाहिला. बहिणीचं काही बोलतील म्हणून मी थांबले होते.

"मग आमचा नरसिंग अण्णा विमान चालवत न्हवता म्हणा की," ते म्हणाले.

मी म्हणाले, त्याच्याइतकंच महत्त्वाचं काम होतं ते. पण ते ऐकत नव्हते. उठून फोटोपाशी गेले, मग अंगणात गेले. त्यांच्या सुनेनं चहा आणला, तो निवून गेला. आम्ही निघालो तेव्हा त्यांनी रीतीप्रमाणे फाटकापर्यंत येऊन हात जोडले. चौकातल्या पाटीवर कन्नड आणि मराठीत वैमानिक नरसिंग चौक असं लिहिलं होतं. शकूनं गाडी तिथून जरा वेगात नेली.

वाटेत मी तिला विचारलं, माझं चुकलं का? ती म्हणाली, "आता बोललीस न्हवं? मग कामून कुढायलीस?" आणि आळंद येईपर्यंत रेडिओ लावून ठेवला.

येळवस

वेळ अमावास्येला, इथल्या बोलीत येळवसला, या भागात गावं ओस पडतात. सगळी माणसं शेतात असतात. आमच्या नाशिककडे हा सणच नाही, त्यामुळे लहानपणानंतर मी तो पहिल्यांदाच पाहत होते. काशक्कांच्या मुलानं ज्वारीच्या ताटांची कोपी, म्हणजे लहानशी खोप, उभारली होती. आत चुन्यानं रंगवलेले पाच दगड, ते पांडव. त्यांची पूजा झाली, शिवारभर आंबील शिंपडून झालं, आणि चादरी पसरून पंगत बसली. पालेभाज्या आणि ओले दाणे घालून केलेली दाट भज्जी, बाजरीचे वाफवलेले उंडे, गव्हाची खीर, मडक्यातली आंबट आंबील. शेजारच्या शेतांतून माणसं येत, ताट उचलत, आमच्याकडची भज्जी बरी की त्यांच्याकडची यावर बोलत आणि पुढे जात. येळवसला कुणी कुणाला बोलवायची पद्धत नाही. जो येईल तो पाहुणा.

खजुरीला काय झालं ते मी काशक्कांना सकाळीच सांगितलं होतं. "त्याला सांगितलंस व्हय," एवढंच त्या म्हणाल्या. आनंद झाला की राग आला, काही कळलं नाही.

जेवणं उरकत आली होती. बांधावर एक जीप थांबली आणि वैजनाथ अण्णा एकटेच उतरले. तुरीच्या ओळींमधून चालत आले. काशक्का कोपीच्या दाराशी बसल्या होत्या, त्या उठल्या नाहीत. अण्णा त्यांच्यासमोर मातीतच बसले.

"अक्का, त्यो बिल्ला पुरा व्हता म्हणं," ते म्हणाले.

"व्हय."

"तुला ठाव व्हतं?"

काशक्कांनी मान हलवली. मग त्या बोलल्या, आणि ते त्यांच्या मुलानंही कधी ऐकलेलं नव्हतं. नरसिंग शेवटच्या रजेवर आले होते तेव्हा कोहिनूरला बहिणीकडे एक दिवस राहिले होते. या शेतातच बसून त्यांनी सांगितलं होतं की विमान उतरवताना त्यांचा अंदाज चुकायचा, म्हणून शिकवणाऱ्यांनी त्यांना दुसऱ्या कामावर घेतलं.

"म्हणला, काशे, मला येकच पंख गावला," काशक्का सांगत होत्या. "आप्पाला सांगू नको. आप्पानं गावभर सांगून ठिवलंय. मी आपलं व्हय म्हणलं."

"आप्पा गेले की. तवा तरी सांगायचं."

"कवा सांगू? पाटी लावायच्या दिशी? तू फोटोकडं बोट करून बोलायलतास, समदं गाव ऐकायलतं. त्या वक्ताला नरसिंग अण्णाला खाली उतरवू व्हय?"

वैजनाथ अण्णा मातीकडे बघत राहिले. "मी तुला चोर म्हणलो," ते म्हणाले. "भर चौकात."

"म्हणलास," काशक्का म्हणाल्या. त्यांनी ते नाकारलं नाही, हलकंही केलं नाही. थोड्या वेळानं त्यांनीच नातसुनेला हाक मारून ताट वाढायला सांगितलं. अण्णा जेवायला बसले, पण उंडा हातात घेऊन तसेच थांबले. त्यांचे खांदे हलायला लागले. काशक्कांनी भज्जीचं पातेलं पुढे ओढलं आणि स्वतःच्या हातानं त्यांच्या ताटात आणखी वाढलं.

मग ते माझ्याकडे वळले. वाट काढणारा माणूस विमानात नेमकं काय करतो, हे त्यांना ऐकायचं होतं. मी बाबांकडून ऐकलेलं सगळं सांगितलं. त्या काळी डोंगरांवर ढग असले की चालवणाऱ्याला समोर पांढऱ्याशिवाय काही दिसत नसे. मागचा माणूस नकाशा, घड्याळ आणि होकायंत्र घेऊन बसायचा. वारा किती आडवा ढकलतोय याचा हिशेब करायचा, रात्री ताऱ्यांवरून जागा काढायचा, आणि सांगायचा की आता वळा. त्याच्या शब्दावर सगळं विमान वळायचं. बाबा म्हणायचे की चांगला नेव्हिगेटर मिळाला की त्यांना आदल्या रात्री निवांत झोप लागायची.

शेजारच्या शेतातले चारपाच जण एव्हाना येऊन उभे राहिले होते. एकानं विचारलं, मग चौकातली पाटी बदलायची का? अण्णांनी बहिणीकडे पाहिलं.

"ऱ्हाऊ द्या," काशक्का म्हणाल्या. "विमानातच व्हता न्हवं त्यो."

फोटोचंही तेच ठरलं. ते रंगवलेले पंख आप्पांच्या मनातले आहेत, ते पुसायचे नाहीत. अण्णा म्हणाले, त्याच्या खाली हा बिल्ला लावू, म्हणजे दोन्ही राहील. काशक्का मुलाचा हात धरून उठल्या, घरी गेल्या, आणि परत आल्या तेव्हा अंगावर घडीचं इरकली लुगडं होतं आणि हातात बिल्ला घातलेली कापडी पिशवी. त्यांच्या मुलानं आईकडे पाहिलं. कुणी विचारायच्या आधी त्या बांधापर्यंत पोचल्यासुद्धा.

वैजनाथ अण्णांनी जीपचं दार उघडून धरलं. काशक्का दाराशी थांबल्या.

"वैजू, खजुरीच्या ओढ्यावर पूल झाला का रं?"

"कवाच झाला, अक्का."

"बरं झालं," त्या म्हणाल्या, आणि त्याच्या खांद्याला धरून वर चढल्या.